सात एकवीसचा झोका

आमच्या मोहगावात पुंडलिकराव कुठे राहतात म्हणून विचारलं तर लोक डोकं खाजवतील. ‘भूकंपवाले मामा’ म्हणा, शेंबडं पोरगंही बोट धरून पाण्याच्या टाकीपाशी नेऊन सोडेल. खरं तर ते माझे सख्खे मामा, आईचे धाकटे भाऊ; पण अख्खं गाव त्यांना मामा म्हणतं आणि त्याचा मला लहानपणापासून थोडा रागच आहे. मी गायत्री. सौंसरला अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवते. जीभ तिखट आहे असं घरचे म्हणतात. असेल. पण गेल्या तीस जुलैला ज्या माणसासाठी ही जीभ टाळ्याला चिकटली होती, त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मामा एकाहत्तरचे. शिक्षण सातवी. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. तेहतीस वर्षं त्यांनी टाकीवर पंप चालवला आणि गावाचे नळ सोडले. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी पहाटे पाचला टाकीवर हजर. मामी म्हणायची, ‘यायचं पहिलं लगीन त्या टाकीशीच लागेल आहे.’

हे भूकंपाचं खूळ शिरलं १९९७ साली. मे महिन्यात जबलपूरला मोठा भूकंप झाला तेव्हा मामीच्या मांडणीवरचे पेले किणकिणले. गाव घाबरलं, दोन दिवस बोललं आणि विसरलं. मामा विसरले नाहीत. ‘जबलपूर इथून दोनशे किलोमीटरच्या वर,’ ते म्हणायचे, ‘तिथलं हालनं माह्या पेल्याले समजलं कसं?’ आयुष्यभर त्यांना हा एकच प्रश्न पुरला.

टाकीजवळ एक जुना बोअर होता. पाणी गढूळ यायला लागलं म्हणून त्यातली मोटर काढून घेतली होती, नुसता लोखंडी पाइप जमिनीतून वर आलेला. मामांनी काय केलं, एक बाटली घट्ट बंद करून बारीक तारेनं त्यात सोडली. ती खाली पाण्यावर तरंगायची. तार वर कप्पीवरून घेतली आणि दुसऱ्या टोकाला गवंड्याचा ओळंबा बांधला. मागे शाळेतल्या मोडक्या फूटपट्ट्या ठोकल्या. पाणी चढलं की ओळंबा खाली, पाणी उतरलं की ओळंबा वर. टाकीत पाणी किती ते दाखवायला भिंतीवर काटा असतो ना, तसंच हे. बोअरवर पत्र्याचं झाकण, झाकणाला कुलूप, चावी मामांच्या जानव्याला.

हा ओळंबा मधूनच हलायचा. कधी एकदाच टक करून थांबायचा. कधी मात्र हळूहळू झोके घ्यायचा, वर-खाली, वर-खाली, दहा-दहा मिनिटं. मामा घरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात खूण करायचे. टक झालं की निळा ठिपका, झोका आला की लाल लाट. बाजूला वेळ. दुधाचे आणि गॅसच्या टाकीचे हिशेब जिथे असतात, तिथे आमच्या घरी पृथ्वीची नाडी लिहिलेली असायची. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून पलंगाखाली. भिंतीवरचं यंदाचं धरून अशी सव्वीस कॅलेंडरं झाली होती.

त्यातून मामांनी सिद्धांत काढला. लाल लाट म्हणजे दूर कुठे तरी भूकंप झाला; ते बातम्यांत यायचंच. आणि लाल लाटेमागून दोन-तीन दिवसांत निळा ठिपका येतोच येतो. म्हणजे तिकडचा भूकंप इकडच्या भूकंपाला उठवतो! ‘एका वरातीचा बँड वाजला का दुसऱ्या गल्लीतले पोट्टे नाचतेच,’ असं ते समजावून सांगायचे. लोक हसायचे.

मग २०२३च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानचा भूकंप झाला. सकाळी सातच्या सुमारास ओळंब्यानं झोका घेतला. मामांनी चौकात जाहीर केलं, ‘तीन दिवसांत आपल्या इथं हादरा येते, लिहून घ्या.’ दोन दिवसांनी दुपारी चहावाल्या हिरामणच्या टपरीत कपबशा वाजल्या. बस, गावाचं हसणं बंद! हिरामण जामसांवळीच्या हनुमानाचा पक्का भक्त. तिथून शेंदूर आणून त्यानं बोअरच्या झाकणाला लावला, लाल कापड बांधलं, नारळ फोडला. मामा भूकंपवाले झाले. मला शाळेत सहकारी विचारायचे, ‘मॅडम, मामाजी काय म्हणतात, या आठवड्यात काही आहे का?’ मी कपाळाला हात लावायची. पण खोटं कशाला बोलू, आतून छाती फुगायचीही.

यंदा जुलैत पांढुर्ण्याच्या जिल्हा कचेरीतून यादी आली: वापरात नसलेले उघडे बोअर बुजवून टाका. हुकूम अगदी रास्त होता. उघड्या बोअरमध्ये लेकरं पडतात, ते ऐकून कोणाचं काळीज हलत नाही? यादीत मामांचा बोअर होता, शेरा होता ‘निरुपयोगी’. उपयंत्री, म्हणजे सरकारी इंजिनिअर, भूपेंद्र म्हणून एक पोरगेलासा, सरळ माणूस सिमेंटच्या गोण्या घेऊन आला आणि शेंदूर पाहून थबकला. हिरामणनं दहा माणसं उभी केली. ‘देवाच्या बोअरले हात लावून पाहा, साहेब!’ भूपेंद्र परत गेला.

मला ते आवडलं नाही. शेंदरावर वाचलेला बोअर किती दिवस टिकणार? म्हटलं, मामांचं काम कागदावर मांडते, तक्ते करते, नागपूरच्या शास्त्रज्ञांना पाठवते. मग कुणाची हिंमत आहे बुजवायची! त्या रविवारी पलंगाखालून, भिंतीवरून सगळी कॅलेंडरं काढली आणि ओसरीभर अंथरली. वर पेले ठेवले, उडू नयेत म्हणून. एका पानाला दुसरं पान लावत गेले आणि उठून उभी राहिले, तेव्हा ते दिसलं.

कॅलेंडरात रविवारची ओळ लाल असते. सोमवारपासून शनिवारपर्यंत निळे ठिपके गोवर उठल्यासारखे. आणि रविवारची ओळ कोरी. २००३ची कोरी. २०११ची कोरी. सव्वीसच्या सव्वीस कॅलेंडरांत रविवारी एकही निळा ठिपका नाही! पंधरा ऑगस्टला नाही, सव्वीस जानेवारीला नाही, दिवाळीत चार दिवस नाही.

‘मामा,’ मी ओरडले, ‘भूकंप रविवारची सुटी घेते काय?’

मामा आधी हसले. मग चष्मा लावून वाकले. मग हसले नाहीत.

आमच्याकडे सुटी पाळणारी, जमीन हादरवणारी एकच गोष्ट आहे, मॅंगनीजची खाण. गावापासून ती लांब, आवाज कधी पोचतो, बहुतेकदा पोचत नाही. ब्लास्टिंगनं खाणीलगतच्या वस्तीत भांडी वाजतात हे सगळ्यांना ठाऊक. पण तो धक्का मोहगावापर्यंत येऊन एवढ्या खोल बोअरमध्ये उतरेल असं मामांच्या मनातही आलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी खुणा वाचल्या. कोरी ओळ कोण वाचतं?

आणि लाल लाटेमागून निळा ठिपका येतोच, हा सिद्धांत? येणारच की! ठिपका एक दिवसाआड यायचा. भूकंपानंतर येतो तसा मामीच्या शिंकेनंतरही आला असता.

हे मी बोलून गेले. बोलायला नको होतं. मामांनी चहासुद्धा घेतला नाही. मला वाटलं, आता हा माणूस अंथरूण धरणार. पण दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांचा फोन. ‘गायत्री, आज अर्धी सुटी टाक आन ओळंब्यापाशी बस. मी खाणीच्या गेटावर उभा राहून राहिलो. घडी लावून घे.’ भर उन्हात म्हातारा सायकलवर तिथे गेला होता. एक अडतीसला फोनमधून भोंगा ऐकू आला, मग मामांचा आवाज, ‘उडवला!’ तो शब्द पुरा होतो न होतो तोच माझ्यासमोर ओळंबा टक करून हलला.

‘झालं ना टक?’ मामांनी विचारलं.

‘झालं.’

‘मंग पक्कं,’ ते म्हणाले आणि फोन ठेवला.

घरी येऊन त्यांनी सव्वीस कॅलेंडरांवरचे निळे ठिपके एकेक करून स्वतःच्या हातानं खोडले. दोन दिवस लागले. मी म्हटलं, ‘राहू द्या मामा, कोणाले सांगू नका. बोअर तरी वाचते.’ फिजिक्सची मास्तरीण मी, आणि हे बोलले! बोलले, कारण मला तो बोअर हवा होता आणि मामांची मान ताठ राहायला हवी होती. मामा म्हणाले, ‘लोकं माह्या भरोशावर नारळ फोडून राहिले, वं. खोटं आहे हे समजल्यावर तो नारळ कसा खाऊ?’

शनिवारी ते हिरामणच्या टपरीत उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. भूपेंद्रही तिथेच चहा पीत होता. मामा म्हणाले, दूरच्या भूकंपानं आपल्या इथला भूकंप येतो हे चूक होतं, मी मोजत होतो ते खाणीचे धमाके, शेंदूर काढून घ्या. हिरामण भडकला. ‘म्हंजे अडीच वर्षं आम्ही खाणीच्या सुरुंगाले नारळ फोडले?’ पोट्टे खदखदून हसले. हिरामणनं जाऊन लाल कापड ओरबाडून काढलं. भूपेंद्र मान खाली घालून म्हणाला, ‘मामाजी, मग आता माझ्याकडे कारण राहिलं नाही. बुधवारी सकाळी सात वाजता येतो.’

मी रडले, अगदी खरंखुरं. मामा मला समजावत होते. ‘निळे गेले. लाल तर आहेत ना?’ आणि लाल होत्या! ठिपके खोडल्यावर सव्वीस वर्षांतून फक्त अकरा लाटा उरल्या होत्या. आम्ही एकेक तारीख मोठ्या भूकंपांशी लावून पाहत गेलो. २६ जानेवारी २००१, सकाळी, भुज. २६ डिसेंबर २००४, सकाळी सहा चाळीस, सुमात्रा. तो तर रविवार! खाण बंद, आणि बोअर झुलतोय! नेपाळ, तुर्कस्तान, यंदाचा म्यानमार. अकराच्या अकरा जुळल्या. मामांच्या पेल्याचा प्रश्न सुटला होता. पण सुटून उपयोग काय, बुधवार तोंडावर आला होता आणि कॅलेंडरावरच्या रेघा पाहून सिमेंट थांबत नाही.

बुधवारी, तीस जुलैला, पहाटे साडेपाचच्या आधी मामांचा फोन. ‘पळत ये! झोका! असा झोका मी जन्मात नाही पाहिला!’

मी तशीच गाऊनवर ओढणी घेऊन धावले. उजाडायला लागलं होतं. ओळंबा वर जात होता, थांबत होता, खाली येत होता. चांगली चार बोटं! वारा नाही, पंप बंद, गावात चिटपाखरू हलत नव्हतं, आणि हा लोखंडाचा गोळा कुणीतरी पाळण्याला हात लावल्यासारखा झुलत होता. मामा मोठमोठ्यानं मोजत होते. त्यांनी वेळ लिहिली, पाच अठ्ठावीस. ‘मोठा आहे गायत्री, लई मोठा! कुठं झाला असन?’

वीस मिनिटांनी फोनवर बातमी आली. रशियाचा कामचटका, समुद्रात, ८.८. आपल्या घड्याळात पहाटेचे चार चोपन्न. साडेसात हजार किलोमीटर! चौतीस मिनिटांत तिथला धक्का मोहगावच्या पाइपात! मी टाळ्या पिटत होते आणि मामा डोळे पुसत होते.

आणि मग माझ्या डोक्यात वीज चमकली. पृथ्वी गोल आहे. धक्का काही फक्त आमच्याच दिशेनं निघत नाही, सगळीकडे निघतो. जी लाट पाठ फिरवून उलटी गेली, ती पृथ्वीला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं इथेच येणार! घेर चाळीस हजार. त्यातून साडेसात गेले, उरले साडेबत्तीस हजार. साडेसात हजाराला चौतीस मिनिटं, तर साडेबत्तीस हजाराला किती? साधं त्रैराशिक, पाचवीतलं! कॅलेंडरच्या पाठीवर केलं. एकशे सत्तेचाळीस मिनिटं. सात वाजून एकवीस.

‘मामा, हाच भूकंप सात एकवीसले परत येऊन राहिला!’

सातला भूपेंद्र आला. दोन मजूर, वाळू, खडी, सिमेंट. मागून हिरामण, मामांची फजिती पाहायला, आणि त्याच्यामागे पंधरा-वीस माणसं. मामा झाकणासमोर उभे राहिले. ‘साहेब, वीस मिनिटं द्या. सात एकवीसले हा ओळंबा हालते. नाही हालला तर पहिलं घमेलं मी टाकतो.’

मी त्यांना कोपऱ्यात ओढलं. ‘मामा, ते गणित आहे! लाट इतकी लांबून येईपर्यंत मरगळते. कदाचित डोळ्याले दिसनारही नाही!’

‘गणित बरोबर आहे का?’

‘बरोबर आहे.’

‘मंग काहून भेते?’

हिरामण मोठ्यानं म्हणाला, ‘घ्या, पुन्हा भविष्य!’ लोक हसले. मामांनी शिसपेन घेऊन ओळंब्याच्या टोकाशी पट्टीवर केसाएवढी रेघ मारली आणि उकिडवे बसले.

सात एकवीस. टोक रेघेवर. सगळ्यांचे फोन हातात. सात बावीस. काही नाही. एक मजूर खोरं घेऊन वाळू ओढायला लागला, भूपेंद्रनं हातानं थांबवलं. माझी जीभ टाळ्याला चिकटली ती तेव्हा. म्हातारा माणूस एकदा खोटा पडला होता. आता माझ्या त्रैराशिकानं, माझ्यामुळे, दुसऱ्यांदा पडणार होता. मी मनात म्हणत होते, येऽ, येऽ बाई, लवकर ये. फिजिक्सवाली!

‘थांबा थांबा थांबा,’ हिरामण म्हणाला. तो गुडघ्यावर बसून पट्टीला नाक लावून होता. ‘अरे, रेघ दिसून राहिली नाही!’

टोक रेघेखाली गेलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. आम्ही सगळे वाकलो, डोक्याला डोकी आपटली. ते तिथेच थबकलं आणि इतक्या सावकाश वर यायला लागलं, की चालतंय असं वाटेना. पण रेघ उघडी पडली. मग टोक रेघेच्या वर. मग पुन्हा खाली. एकेका झोक्याला मिनिट-दोन मिनिटं. ‘हालून राहिला! बापा रे, हालून राहिला!’ हिरामण नाचायलाच लागला. भूपेंद्रनं फुंकर मारून पाहिली, तार धरून पाहिली, कप्पी तपासली, बूट काढून अनवाणी उभा राहिला, आपल्याच वजनानं तर हलत नाही ना म्हणून. चौथ्या झोक्याला तो खाली बसला. ‘हे पूर्ण पृथ्वीला फिरून आलंय?’ त्यानं मला विचारलं, आणि मी मान डोलावली.

मग तो उठला, यादी काढली, ‘निरुपयोगी’वर रेघ मारली आणि लिहिलं, ‘निरीक्षणासाठी वापरात’. सिमेंट वाया गेलं नाही. त्याच दिवशी बोअरभोवती पक्का ओटा बांधला, वर जाड लोखंडी झाकण बसवलं, तारेपुरतं भोक ठेवून. लेकरू काय, उंदीरसुद्धा पडायचा नाही. कुलपाची चावी पुन्हा जानव्याला.

गर्दी हटेना. हिरामणनं सगळ्यांना फुकट चहा पाजला, हे मोहगावच्या इतिहासात पहिल्यांदा. मग तो हात जोडून मामांसमोर आला. ‘मामा, एवढा मोठा झाला तिकडं. आता खरं सांगा, आपल्या इथं कवा येते?’

मी मामांकडे पाहिलं. अडीच वर्षं या प्रश्नाचं उत्तर देऊन हा माणूस मोठा झाला होता, आणि आज तर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता.

‘मले नाही माहीत,’ मामा म्हणाले. ‘कोनालेच नाही माहीत. मोठ्या धक्क्यानं कुठं दूर बारके धक्के उठते, असं गायत्रीच्या पुस्तकात आहे. पण माह्या बोअरनं तसं काही सांगितलं नाही. त्यानं येवढंच सांगितलं, की तिकडचं इथं पोचते.’ आणि ते असे हसले, की इतक्या वर्षांत मामीनं तरी तसं हसू पाहिलं असेल की नाही, देव जाणे.

दुपारी आम्ही दोघं नव्या ओट्यावर डबा खात बसलो होतो. मामांनी तीस तारखेच्या चौकोनात एकाखाली एक अशा दोन लाल लाटा काढल्या होत्या. एक चाळीसला ओळंबा टक करून हलला. सवयीनं मामांचा हात खिशातल्या निळ्या पेनाकडे गेला.

मग तो हात तसाच खाली आला आणि डब्यातल्या भाकरीवर गेला. ‘खाणीतले लोकं आता जेवाले बसतीन,’ मामा म्हणाले, ‘तू पन जेव.’